बटण तीनवर ठेवणाऱ्यांना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री आपल्या ईस्ट बेच्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या पूर्वेकडच्या मंडळींच्या ग्रुपवर एकानं 'टिप' टाकली. ८८० महामार्गाच्या एक्सप्रेस लेनमधून, म्हणजे टोलच्या लेनमधून, एकट्यानं जाताना फास्टट्रॅकच्या टोलडबीवरचं, गाडीत किती माणसं आहेत ते सांगणारं बटण सरळ तीनवर सरकवून ठेवायचं. तिघांना माफी, म्हणून टोल शून्य. "दोन वर्षं करतोय, काळं कुत्रं विचारत नाही." खाली एकोणचाळीस अंगठे. मी मोजले. दोन हसरे चेहरे, एक "भारी!", आणि एका काकांनी टाकलेला गणपतीचा फोटो, तो बहुधा चुकून आला असावा.

हे पत्र त्या एकोणचाळीस अंगठ्यांना आहे. नावं घेत नाही. उद्या त्यातल्याच कुणाकडे आरतीला जायचंय, कुणाच्या मुलीच्या अरंगेत्रमला जायचंय. पण ग्रुपवर लिहिलं असतं तर दहा मिनिटांत विषय उकडीच्या मोदकांवर गेला असता, म्हणून असं सविस्तर.

ही टिप आत्ताच का फिरायला लागली, ते मला कळतं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली ती पर्यावरणापायी थोडी आणि मागच्या बंपरवरच्या स्टिकरपायी जास्त. त्या स्टिकरवर कारपूल लेनमध्ये एकट्याला जाता यायचं, ८८०वर टोल निम्मा पडायचा. ३० सप्टेंबर २०२५ला ती सवलत संपली. केंद्राच्या कायद्यातली मुदत सरली, वॉशिंग्टननं वाढवून दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती गाडी टोलच्या दृष्टीनं माझ्या जुन्या कॅमरीच्या पंक्तीला येऊन बसली. खिशाला चाट बसली की बटणाकडे हात जातो.

थोडं मागे जाऊ, कारण २०२०नंतर इकडे आलेल्यांना ही लेन आधी काय होती ते ठाऊक नसेल. सगळ्यात डावीकडची लेन, तिच्यावर पांढऱ्या रंगात हिऱ्याचा आकार. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत तिथं दोन माणसं असलेली गाडी चालायची, एरवी कुणीही जावं. पैशाचा संबंधच नव्हता. एका माणसाची सोबत हेच तिकीट. २ ऑक्टोबर २०२०ला, म्हणजे सगळं जग घरात बसलेलं असताना, ओकलंड ते मिलपिटास हीच लेन टोलची झाली. तीन माणसं असतील तर फुकट, दोन असतील तर अर्धा टोल, एकटा असेल तर पूर्ण. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ५ ते रात्री ८. गर्दीच्या तासांचा नियम दिवसभराचा झाला. महामारीनंतर आपण ऑफिसला परतलो तेव्हा रस्ता तोच होता आणि कायदा निराळा.

दोघांचे तिघं का केले, याचं सरकारी उत्तर असं आहे. कारपूल लेनमध्ये टोलच्या गाड्या सोडायच्या, तर गर्दीच्या वेळी तिथला वेग ताशी ४५ मैलांच्या खाली जाता कामा नये, आणि १८० दिवस मोजले तर नव्वद टक्के वेळ तो टिकला पाहिजे, असा केंद्राचा दंडक आहे. आमच्या कारपूल लेनचा वेग त्याआधीच गेला होता. दोघंदोघं, त्यात स्टिकरवाले, त्यात मागच्या सीटवर बाहुलं बसवणारे. संध्याकाळी फ्रीमाँटजवळ शेजारची साधी लेन आपल्याला मागे टाकून जायची. तेव्हा काहीतरी करायला हवंच होतं, हे मी मानतो.

बिनसरकारी उत्तर माझं मी काढलेलं आहे. दोघांना फुकट ठेवलं असतं तर विकायला जागाच उरली नसती. विकायला जागा हवी म्हणून फुकट्यांची व्याख्या आवळली. हे एकट्या बे एरियाचं नाही. अटलांटात आय-८५ महामार्गावर २०११ साली टोल आला तेव्हा दोघांचे तिघं झाले. व्हर्जिनियात आय-६६वर डिसेंबर २०१७मध्ये टोल सुरू झाला, पहिल्याच आठवड्यात एकट्याचा भाव चाळीस डॉलरपर्यंत गेला, आणि दोघांना असलेली माफी २०२२च्या डिसेंबरात तिघांवर गेली. उलट लॉस एंजेलिसच्या हार्बर फ्रीवेवर २०१२मध्ये टोल लेन उघडली तेव्हा दोघं फुकट जातच राहिले. म्हणजे दुसरी वाट होती. इथंसुद्धा लिव्हरमोरकडे, ५८०च्या टोल लेनमध्ये, दोघांनाच फुकट सोडायचं ठरलं होतं. एकाच माणसानं घरून निघून दोन रस्ते घेतले तर वाटेत त्याच्या कारपूलची व्याख्या बदलते. बटणाच्या गोंधळात खरोखर चुकलेल्यांना मी या पत्रातून वगळतो.

आता माझी गोष्ट. २०१६पासून माझा एक सोबती होता. ऑटो मॉल पार्कवेजवळच्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये तो गाडी लावायचा आणि माझ्या गाडीत यायचा. सनीव्हेलला दोघांची ऑफिसं मैलभराच्या अंतरावर. चार वर्षांत त्याच्या आईचं आजारपण, माझ्या मुलीची शाळा, दोघांचे मॅनेजर, सगळं त्या गाडीत बोलून झालं. अधूनमधून भांडणही. तो एसी १८वर ठेवणारा माणूस, सेल्सिअस. नियम बदलल्यावर आम्ही तिसरा शोधला. मनापासून शोधला. एक मिळाला, त्याला साडेसहाला निघायचं असायचं. दुसरी मिळाली, तिला मुलाला शाळेत सोडून पावणेनऊला. दोघांचं जमणं म्हणजे संसार, तिघांचं जमणं म्हणजे आघाडी सरकार. सहा आठवडे चाललं. मग आम्ही दोघंच अर्धा टोल भरून जाऊ लागलो, मग त्याच्या लक्षात आलं की अर्ध्या टोलसाठी माझी वाट बघण्यापेक्षा पूर्ण टोल भरून आपल्या वेळेला निघालेलं बरं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या लेननं आम्हाला एका गाडीत बसवलं होतं, तिनंच आम्हाला दोन गाड्यांत बसवलं. रस्त्यावर एक गाडी वाढली.

बार्टनं, म्हणजे इथल्या लोकल ट्रेननं, जाऊन बघितलं का, असं कुणीतरी विचारेलच. बघितलं. २०२०च्या जूनपासून बार्ट मिलपिटासला येते, तिथून लाइट रेल. डोअर टू डोअर तास उलटून गेला. आठवड्यातून एकदा पुस्तक वाचायला छान आहे.

आणि आता कबुली. त्यानंतर काही आठवडे माझंही बटण तीनवर होतं. अंगठेवाल्यांना तुच्छ लेखायचा मला अधिकार नाही तो म्हणूनच.

२०२२च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. एका शुक्रवारी त्यांना घेऊन सॅन होजेकडे निघालो. बाबा पुढे, आई मागे. बाबांनी फलक वाचला, ७ डॉलर. आपल्याला किती लागणार म्हणाले. म्हटलं, काही नाही, आपण तिघं आहोत. माणसं मोजून टोल घेतात याचं त्यांना फार कौतुक वाटलं. साडेपाचशे रुपये वाचले, असा हिशेबही त्यांनी करून टाकला, आणि मागे वळून आईला म्हणाले, "बघ, तू बसलीस म्हणून." मग यंत्राला कसं कळतं ते विचारलं. मी काचेवरची डबी दाखवली, एक-दोन-तीनचं बटण दाखवलं. बाबा कराडच्या एसटी डेपोत बत्तीस वर्षं हिशेबाला होते. ते बटणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण तू आत्ता सरकवलं नाहीस. ते आधीच तीनवर होतं."

एवढंच. पुढे हवामानावर बोलले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं म्हणणं मला माहीत आहे, कारण तेच माझंही होतं. रस्ता आपल्याच करातून बांधलाय, लेन आधीपासून होती, तीच आपल्याला परत विकतात, मग न भरणं हा निषेध. टोल म्हटलं की मराठी माणसाच्या अंगात आंदोलन येतं, ते खरंच आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवरचा छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला तेव्हा आपण इथं, तेरा हजार किलोमीटरवर, एकमेकांना पेढ्यांचे फोटो पाठवले होते. पण कोल्हापूरकर आठवा. त्यांनी शहरातला टोल घालवला तो रस्त्यावर उतरून, नाक्यावर उभं राहून, देणार नाही असं तोंडावर सांगून. बटण तीनवर सरकवणारा माणूस 'देणार नाही' म्हणत नाही. तो म्हणतो, माझ्या गाडीत आणखी दोन माणसं आहेत. त्याला निषेध म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय फसवणूक सरकारची होते असं वाटतं, तिथं मेख आहे. या लेनचा भाव कुणी माणूस ठरवत नाही. रस्त्यातले सेन्सर गाड्या आणि त्यांचा वेग मोजतात. लेन भरत आली, वेग उतरू लागला, की भाव वर जातो, म्हणजे पुढचे एकटे आत शिरताना दोनदा विचार करतील. तुम्ही आत शिरताना जो आकडा दिसला तो तुमचा, मागून येणाऱ्याचा वेगळा. आता या मोजणीत खोटी तीनवाली गाडीही एक गाडीच असते. पैसे ती भरत नाही, जागा मात्र खाते. मागच्या खऱ्या टोलवाल्याचा आकडा ती वाढवते. लेन फारच तुंबली तर फलकावर आकडा जाऊन 'फक्त कारपूल' असं येतं. म्हणजे पैसे द्यायला तयार असलेला बाहेर, आणि न देणारा आत. सरकारचं काय जायचं ते जाऊ दे. आपण शेजारच्या गाडीच्या खिशात हात घालतो.

शेजारच्या गाडीत कोण असतं? 'लेक्सस लेन' म्हणून या रस्त्यांची टिंगल होते, श्रीमंतांची सोय म्हणून. त्यात तथ्य आहे. रोज भरणारे बहुतेक आपल्यासारखेच, ज्यांना सात डॉलर म्हणजे दुपारची कॉफी आणि कुकी. पण आपल्या डबेवाल्या मावशी घ्या. त्या ग्रुपवरच्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत, निदान त्यांची भरली वांगी तरी आहेत. न्यूअर्कहून निघून सांता क्लारापर्यंत डबे टाकतात, परत येताना नातवाला डे-केअरमधून घेतात. डे-केअर सहाला बंद. त्यानंतर मिनिटाला दंड. मावशी मला म्हणाल्या, "साडेपाचला मिलपिटासला अडकले की मी त्या लेनीत शिरते बाई. आठ डॉलर जातात, पण तिकडचे वीस वाचतात. आणि पोरगं दाराशी बसून राहत नाही." टोल लेनच्या बाजूनं मी आजवर ऐकलेला सगळ्यात चांगला युक्तिवाद हाच. घाई फक्त श्रीमंतांना नसते. गरिबाची घाई जास्त महाग असते. आणि ज्या दिवशी मावशींना आठऐवजी अकरा दिसतात, त्या दिवशी त्या अकरामध्ये आपल्या एकोणचाळीस अंगठ्यांचे काही पैसे असू शकतात.

कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ८८०वर एप्रिल २०२३मध्ये एक योजना प्रयोग म्हणून सुरू झाली होती, एकट्याला टोल निम्मा आणि दोघांना पाऊणपट माफ. मावशींना ती माहीत नव्हती. मलाही उशिरा कळली. टोल चुकवायची टिप आपल्या ग्रुपवर एका रात्रीत सगळ्यांपर्यंत पोचली. या सवलतीची माहिती कुणीच टाकली नव्हती, मीसुद्धा नाही.

पकडलं जाण्याबद्दल मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, पण दोन ओळी लिहितो, कारण 'काळं कुत्रं विचारत नाही' हे फार काळ खरं राहत नाही. वरच्या कमानीवर एक छोटा दिवा असतो. डबीवर कोणता आकडा आहे ते त्यावरून हायवे पोलिसाला कळतं. तो कडेला मोटरसायकल लावून उभा असतो, दिवा बघतो, मग काच बघतो. कॅलिफोर्नियात कारपूलचा दंड किमान ४९० डॉलर. तेवढ्यात मावशींचा दीड-दोन महिन्यांचा डबा येतो.

आमच्या कराडकडे या सगळ्याला वडाप म्हणतात. स्टँडबाहेर जीप उभी, पोरगा दाराला लटकून ओरडतोय, "एक सीट, एक सीट, पाटण-पाटण!" सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि भरल्यावरही "सरका थोडं" म्हणून आणखी एक बसतोच. इथंही वडाप होतं, यावर नवख्यांचा विश्वास बसत नाही. बर्कली-ओकलंडला ठरावीक कोपऱ्यांवर अनोळखी माणसं रांगेत उभी राहायची, गाडी यायची, दोघं बसायचे, तिघं मिळून बे ब्रिजच्या कारपूल लेननं सॅन फ्रान्सिस्कोला. ना ॲप, ना ओळख. सत्तरच्या दशकापासून हे चाललं होतं. २०१०मध्ये पुलावर कारपूललाही टोल लागला, तर मागे बसलेले एकेक डॉलर काढून देऊ लागले, एवढं साधं. मार्च २०२०मध्ये रांगा थांबल्या. कुठल्याही सरकारानं त्या सुरू केल्या नव्हत्या. एक लेन होती, तीन माणसांची अट होती, आणि माणसांनी आपली आपण सोय केली. म्हणून तिघांची अटच अशक्य आहे असंही मला म्हणता येत नाही. माझ्या सहा आठवड्यांच्या आघाडी सरकारचा अनुभव एका पारड्यात, ती चाळीस-पन्नास वर्षांची रांग दुसऱ्या.

तर खरं भांडायचं असेल, आणि माझ्या मते भांडायला जागा आहे, तर ते डबीशी भांडून उपयोग नाही. ८८०ची लेन बे एरिया इन्फ्रास्ट्रक्चर फायनान्सिंग अथॉरिटी चालवते. तिच्या बैठका खुल्या असतात, घरून झूमवरून दोन शब्द बोलता येतात. दोघांना निम्म्याऐवजी पूर्ण माफी का नको, निदान दुपारी ११ ते २, रस्ता मोकळा असताना तरी, हे विचारता येतं. टोलचे पैसे कुठल्या बसवर खर्च होतात, हे विचारता येतं. सॅन दिएगोनं १९९६मध्ये आय-१५ची कारपूल लेन एकट्यांना पैसे घेऊन उघडून दिली, आणि त्या पैशातून त्याच रस्त्यावर एक्सप्रेस बस चालवली. अशी जुनी, घरची उदाहरणं आहेत. एकोणचाळीस माणसं आपापल्या झूमच्या चौकोनात दिसली तर त्या बैठकीत कुणीतरी नक्की मान वर करून बघेल. एवढे लोक आपण कोजागिरीच्या मसाला दुधालाही जमवतो.

मी गेल्या वेळी एकटाच होतो. माझी पाळी आली तेव्हा माइक म्यूट राहिला आणि मिनिटभर माझे नुसते ओठ हलत होते, हे आपलं तुम्हाला हसायला सांगतो.

शेवटी कामाचं. आई-बाबा परत गेल्यापासून माझं बटण एकवर असतं, मंगळवारी आणि गुरुवारी दोनवर, कारण एक ताई यायला लागल्या आहेत. त्या स्टीव्हन्सन बुलेवर्डजवळ बसतात. म्हणजे मागची एक सीट रिकामी आहे. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी ऑटो मॉलच्या त्याच पार्किंगमध्ये, झाडाखाली, निळी कॅमरी. परत यायला सव्वापाच. मी पाच मिनिटं थांबतो, सहावं नाही. एसी बावीसवर. गाडीत कंपनीची मीटिंग घ्यायची नाही, डबा असेल तर झाकण घट्ट लावा, मागच्या वेळी सांडलेल्या सोलकढीचा डाग अजून तिथंच आहे. ज्यांनी अंगठा दिला त्यांना पहिला मान. नाव ग्रुपवर टाकू नका, मला वेगळा मेसेज करा.

आपला,
कॅमरीवाला, फ्रीमाँट